ओसाड गावांचा पियानो

हाउश्का या नावाने वाजवणाऱ्या जर्मन पियानोवादकाची ‘अबॅन्डन्ड सिटी’ ही तबकडी २०१४ साली निघाली. तिच्यात नऊ तुकडे आहेत. गाणं एकही नाही, शब्द एकही नाही, आणि जे काही ऐकू येतं ते सगळं पियानोतून काढलेलं आहे. नऊपैकी आठ तुकड्यांना जगातल्या अशा वस्त्यांची नावं दिली आहेत, जिथं आज कोणी राहत नाही किंवा कधी नीटसं कोणी राहिलंच नाही. उरलेल्या एका तुकड्याला गावाचं नाव नाही. त्याचं नाव आहे ‘हू लिव्हड हिअर?’, म्हणजे ‘इथं कोण राहत होतं?’

आपल्या पानांवर संगीत म्हटलं की कीर्तन येतं, मलिद्याला म्हणायची गाणी येतात, जुना सिनेमा येतो. तिथं एका प्रायोगिक जर्मन तबकडीचं काय काम, असं कोणी विचारील. काम आहे. नवगांव, रेवदंडा, पेण, बोर्ली, म्हसळा ही नावं आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावात नाहीतर आजोबांच्या बोलण्यात आहेत, आणि तिथल्या कितीतरी आळ्यांत आता आपलं एकही घर उरलेलं नाही. मागे राहिलेल्या गावावर कोणी परका माणूस संगीत करतो, तेव्हा ते खरं आहे की नुसतं देखणं आहे, हे पारखायला आपल्याइतके लायक श्रोते त्याला सहज मिळणार नाहीत.

आधी वाद्याबद्दल सांगतो, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं फुकट. पियानोच्या पोटात दोनशेच्या वर तारा असतात. पट्टी दाबली की नमद्याची एक हातोडी उडून तारेवर आपटते. याच्या तारांमध्ये जर कोणी स्क्रू अडकवला, रबराचा तुकडा खोचला, कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, तर ती पट्टी दाबल्यावर पियानोचा ओळखीचा सूर येत नाही. कुठे घंटा वाजते, कुठे डबा, कुठे बोथट ढोल, कुठे नुसती खरखर. अशा पियानोला इंग्रजीत ‘प्रिपेअर्ड पियानो’ म्हणतात. आपण ‘सामान भरलेला पियानो’ म्हणू या.

हे प्रकरण सुरू केलं अमेरिकेच्या जॉन केज यांनी, १९४०च्या सुमारास सिॲटल शहरात. सिव्हिला फोर्ट नावाच्या नर्तकीच्या नाचाला त्यांना संगीत हवं होतं. मनात ताशे, घंटा, झांजा असा सगळा ताफा होता, पण रंगमंचाच्या बाजूला जागा एका पियानोपुरती. तेव्हा त्यांनी पियानोतच ताफा बसवायचं ठरवलं. घरातली एक थाळी तारांवर ठेवून पाहिली, ती उड्या मारायला लागली. खिळा घातला, तो घसरून खाली पडला. स्क्रू आणि बोल्ट मात्र त्यांच्या आट्यांमुळे दोन तारांच्या मध्ये घट्ट बसले. गरजेपोटी केलेली ही युक्ती पुढे एक स्वतंत्र वाद्यच होऊन बसली.

आपल्याकडच्या कानाला यात फार नवल वाटायला नको. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा सरकवतात, तेव्हाच ती तार बोलू लागते. दोरा काढा, तीच तार मुकी होते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा लावल्याशिवाय त्याचा घुमारा येत नाही. तबल्यावरची शाई ही तरी दुसरं काय आहे? वाद्याला बाहेरचं काहीतरी चिकटवून त्याचा आवाज बदलणं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. फरक एवढाच, की आपल्याकडे दोरा किंवा कणीक सूर अधिक भरदार करण्यासाठी असते आणि केज यांचा स्क्रू सुराचं सुरेलपणच मोडून टाकतो.

केज यांचा हिंदुस्थानाशी संबंध याहून जवळचा आहे. १९४६ साली अहमदाबादच्या साराभाई घराण्यातल्या गीता साराभाई न्यू यॉर्कला गेल्या होत्या. पाश्चात्त्य संगीत त्या केज यांच्याकडून शिकल्या आणि बदल्यात त्यांना हिंदुस्थानी संगीताची ओळख करून दिली. परत निघताना त्यांनी श्रीरामकृष्णांच्या संवादांचा ग्रंथ त्यांना भेट दिला. त्याच काळात आनंद कुमारस्वामी यांच्या लेखनातून केज यांच्या हाती रसविचार लागला. १९४६ ते १९४८ या वर्षांत त्यांनी सामान भरलेल्या पियानोसाठी सोळा ‘सोनाटा’ आणि चार मध्यंतरं रचली. शृंगार, हास्य, करुण अशा सगळ्या रसांचा शेवटचा ओढा शांत रसाकडे असतो, ही त्यामागची कल्पना. कोणता तुकडा कोणत्या रसाचा, हे मात्र त्यांनी कुठे सांगितलं नाही. कोणत्या तारेत, टोकापासून किती अंतरावर, कोणता स्क्रू घालायचा, याचा तक्ता मात्र काटेकोर लिहून ठेवला. ऐकणाऱ्याला मोकळीक, वाजवणाऱ्याला शिस्त.

हाउश्काचं उलट आहे. त्याच्याकडे सामान ढीगभर आणि तक्ता नाही.

त्याचं खरं नाव फोल्कर बेर्टेलमान. जन्म १९६६चा, राहणार ड्युसेलडॉर्फ. २००५ साली ‘द प्रिपेअर्ड पियानो’ नावाचीच तबकडी काढून त्याने आपला रस्ता जाहीर केला. पिंगपाँगचे चेंडू, बाटल्यांची बुचं, चिकटपट्ट्या, चामड्याचे तुकडे, गोळ्यांच्या प्लास्टिकच्या डब्या हे सगळं तो पियानोत टाकतो. मधल्या तबकड्यांत त्याने जोडीदार घेतले. २०११च्या तबकडीत ढोल वाजवणारे होते, २०१२च्या तबकडीत हिलरी हान ही व्हायोलिनवादक होती. ‘अबॅन्डन्ड सिटी’त तो पुन्हा एकटा आहे. त्याचं नाव आपल्यातल्या काहींनी नकळत वाचलंही असेल. खांडव्याचा लहान मुलगा रेल्वेत झोपतो, कलकत्त्याला जाऊन पोचतो, ऑस्ट्रेलियात दत्तक जातो आणि मोठेपणी संगणकावरच्या नकाशात आपलं गाव शोधून काढतो, तो ‘लायन’ नावाचा सिनेमा आठवत असेल. त्याचं संगीत डस्टिन ओ’हॅलोरन आणि हाच बेर्टेलमान या दोघांचं आहे. पुढे पहिल्या महायुद्धावरच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या जर्मन सिनेमासाठी त्याला २०२३ साली ऑस्कर मिळालं. त्या सिनेमातला तो छातीत धडकी भरवणारा तीन सुरांचा घोष त्याने पणजीच्या जुन्या हार्मोनियमवर काढला. आपल्याकडे पेटी म्हणजे कीर्तनाला साथ करणारी, अब्राहम-इसहाकाच्या आख्यानात हळूच सूर धरणारी. तिच्याच पायपेटीच्या जातीतल्या बहिणीने रणगाडे उभे केले, हे ऐकून मला तरी बरं वाटलं.

आता त्या नऊ तुकड्यांकडे येऊ.

पहिला ‘एलिझाबेथ बे’. हे नामिबियाच्या किनाऱ्यावरचं हिऱ्यांच्या खाणीचं गाव. हिरे आटले, माणसं गेली, घरं वाळूने भरली. तुकडा सुरुवातीलाच ताल पकडतो आणि सोडत नाही. तारांवरचं सामान खडखडतं, त्याच्यावर एकेक सूर चढत जातो, खाण चालू असतानाचं यंत्र ऐकू यावं असा. वाळू मात्र कुठेच ऐकू येत नाही. तबकडीतली ही पहिली खूण मी लक्षात ठेवली. या माणसाला ओस पडलेलं गाव वाजवायचं नाही, ते चालू होतं तेव्हाचं वाजवायचं आहे.

दुसरा तुकडा ‘प्रिप्यात’, आणि इथं तबकडी गंभीर होते. प्रिप्यात हे युक्रेनमधलं शहर, चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या कामगारांसाठी १९७० साली वसवलेलं. २६ एप्रिल १९८६च्या रात्री भट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी हजाराच्या वर बसगाड्या आल्या आणि जवळजवळ पन्नास हजार माणसं काही तासांत शहराबाहेर गेली. कागदपत्रं घ्या, थोडं खाणं घ्या, असं सांगितलं होतं. तीन दिवसांनी परत येऊ अशी त्यांची समजूत होती. म्हणून सगळं जागच्या जागी राहिलं. शाळेत वह्या राहिल्या, स्वयंपाकघरात भांडी राहिली. हाउश्काने इथं खालच्या तारा बोथट केल्या आहेत. जड पावलांसारखे ठोके पडत राहतात, वर काहीतरी बारीक किणकिणतं. ती किणकिण दुरून ऐकली तर सुंदर आहे, जवळून ऐकली तर कपाटातल्या बशा हलल्यासारखी आहे. मी ती दुसऱ्या रीतीने ऐकतो. या तुकड्यात कोणी रडत नाही, आणि तेच त्याचं बळ आहे.

तिसरा ‘टेम्स टाउन’. शांघायजवळ इंग्लंडातल्या खेड्याची हुबेहूब नक्कल करून बांधलेली वसाहत. दगडी चर्च, लाल टेलिफोनची खोकी, सगळं आहे. राहायला फारसं कोणी गेलं नाही, नवरा-नवरी मात्र फोटो काढायला जातात. तुकडा चपळ आहे, पाय हलवतो. पण हे गाव कोणी सोडून गेलेलंच नाही. मग ते प्रिप्यातच्या शेजारी कसं बसतं?

इथून माझी तक्रार सुरू होते. ‘अबॅन्डन्ड’ हा इंग्रजी शब्द मोठा सोयीचा आहे. एकाच गाठोड्यात सगळं बांधतो. मराठीत आपण गाव सोडतो, गाव टाकतो, गाव सुटतं, गावातून उठवतात, परागंदा होतो, गाव ओस पडतं, गाव बसतच नाही. प्रत्येकाचं दुःख वेगळं, काहींना दुःखच नाही. तैवानमधल्या सांझीला थबकड्या तबकड्यांसारखी घरं सुट्टीवाल्यांसाठी बांधायला घेतली, १९८०मध्ये पैसे संपले म्हणून काम थांबलं, आणि पुढे ती पाडून टाकली. तिथं कोणी राहिलंच नव्हतं तर गेलं कोण? या सांझीवरचा तुकडा तबकडीत सहावा येतो, चटपटीत आहे, आणि संपला की विसरला जातो. आठवा ‘बार्कर्सव्हिल’ कॅनडातल्या सोन्याच्या गावावर आहे. तिथं आता प्रवाशांना तिकीट काढून जुनी दुकानं दाखवतात. या तुकड्याबद्दल मला सांगण्यासारखं काही सापडलं नाही.

या दोन हलक्या गावांच्या पुढेमागे जे आहे ते हलकं नाही. पाचवा तुकडा ‘अगदाम’. अगदाम हे अझरबैजानचं शहर, पंचवीस-तीस हजार वस्तीचं. काराबाखच्या लढाईत जुलै १९९३मध्ये ते आर्मेनियन फौजांच्या हाती पडलं, रहिवासी पळून गेले, घरांच्या चिरा, दारं, पत्रे पुढे लोकांनी उपसून नेले. मशीद तेवढी उभी राहिली. या गावाला ‘सोडलेलं’ म्हणणं म्हणजे घरातून हाकललेल्या माणसाला ‘तो राहायला बाहेर गेला’ म्हणण्यासारखं आहे. २०१४ साली ही तबकडी निघाली तेव्हा अगदामचे लोक बाकूत आणि इतर गावांत दिवस काढत होते. त्यांचा फुटबॉल क्लब ‘काराबाख’ बाकूत खेळत होता, आजही खेळतो. गाव नव्हतं, पण क्लबच्या नावात ते होतं. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये शहर पुन्हा अझरबैजानकडे आलं आणि आता तिथं बांधकाम चालू आहे. म्हणजे या नऊ तुकड्यांतलं एक नाव तर आता खोटं ठरायला लागलं आहे, आणि असं खोटं ठरण्यासारखी चांगली गोष्ट नाही.

‘अगदाम’ ऐकायला जोरकस आहे. ताल पक्का, तारा कापल्यासारख्या तुटक, नाचाच्या संगीताजवळ जाणारा. पण मी डोळे मिटून ऐकला तेव्हा तो ‘टेम्स टाउन’पासून वेगळा काढता आला नाही. तीच धाव, तसाच खडखडाट. ज्या गावातून माणसं जीव घेऊन पळाली आणि ज्या गावात माणसं फोटोपुरती येतात, त्या दोघांना एकच ठेका दिला तर संगीतकाराने गावं पाहिली नाहीत, गावांचे फोटो पाहिले, असं म्हणावं लागतं. फोटोत भिंत भिंतीसारखीच दिसते. ती का रिकामी आहे, ते फोटो सांगत नाही.

हे मी कडक बोलतो आहे, कारण या विषयाचं देखणेपण फार फसवं आहे. पडक्या घराचा फोटो नेहमी चांगला येतो. छपरातून उतरलेलं ऊन, भिंतीतून उगवलेला वड, गंजलेला पंखा. आपल्याकडचे तरुण कोकणात जाऊन जुन्या मशिदीचे आणि कबरस्तानाचे असे फोटो काढून आणतात, आणि ते खरोखर छान असतात. फोटो पाहताना आजी मात्र विचारते, “पाण्याचा रांजण होता तो कुठे गेला?” तिला ऊन दिसत नाही, रांजण दिसत नाही हे दिसतं. ओसाड गावाचं संगीत करणाऱ्याला हा रांजण सापडला पाहिजे.

चौथ्या तुकड्यात तो सापडतो.

‘हू लिव्हड हिअर?’ला गाव नाही, म्हणून त्याच्या मागे फोटोही नाही. लय मंद आहे. सूर थोडे, मोकळे, एकामागून एक ठेवलेले, आणि त्यांच्या मधल्या जागेत सामानाचा आवाज. एखादी वस्तू तारेवर हलकेच थरथरते आणि थांबते. पुन्हा सूर, पुन्हा ती थरथर. इतर तुकड्यांत हे सामान पियानोला ढोल बनवण्यासाठी राबतं. इथं ते स्वतःपुरतं बोलतं. आणि मग ध्यानात येतं की हाउश्काच्या पियानोत असतं काय? चिमटे, बुचं, डब्या, चिकटपट्टी, चामड्याचा तुकडा. माणूस घर सोडून जातो तेव्हा ट्रंकेत जे भरत नाही, ते सगळं. सोनं बरोबर जातं, तेफिल्लीन आणि हनुक्काचा दिवा बरोबर जातो, लग्नाचा फोटो जातो. बुचं आणि चिमटे खिडकीच्या कोनाड्यात राहतात. नव्या माणसाला ते कचरा वाटतात. या पियानोने त्यांना सूर दिला आहे.

सामान भरलेला पियानो या विषयाला का शोभतो, ते या एका तुकड्यात कळतं. साध्या पियानोवर एकटेपणाचं गाणं कोणीही वाजवील. आपण १९४९च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमारला पियानोपुढे बसून ते करताना पाहिलं आहे आणि आपले डोळेही भरले आहेत. पण तिथं एकटेपण माणसाचं होतं. इथं वाद्याच्या आतच मागे राहिलेल्या वस्तू आहेत, आणि सूर त्यांना ओलांडूनच बाहेर येऊ शकतो.

‘इथं कोण राहत होतं?’ या प्रश्नाचं आपल्याजवळ एक उत्तर आहे, जे हाउश्काच्या आठ गावांपैकी फार थोड्यांजवळ असेल. आपण गावं सोडली, पण ती आडनावांत बांधून आणली. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर, नवगांवकर. रोहे कधी न पाहिलेली मुलं बीरशेवात, अश्दोदमध्ये रोहेकर म्हणून हजेरी देतात. आपल्याला तिथून कोणी उठवलं नाही, कोणी हाकललं नाही. घरं विकली, किल्ल्या शेजाऱ्यांच्या हाती दिल्या, गळ्यात पडून रडलो आणि आपल्या पायांनी निघालो. अलिबागला इस्रायल आळी अजून त्याच नावाने ओळखली जाते. म्हणून माझ्या मते आपली गावं या तबकडीत बसली नसती, आणि ते चांगलंच आहे.

पण तोच प्रश्न इथं, या देशात, दुसऱ्या बाजूनेही ऐकू येतो. पन्नासच्या दशकात रामले आणि लोदच्या जुन्या भागांत नव्या ओलिमांना जी घरं मिळाली, त्यांतल्या कित्येकांत १९४८पर्यंत दुसरी माणसं राहत होती. त्यांनीही कोनाड्यात काहीतरी ठेवलं असेल. तुकडा ऐकताना मला हे आठवलं, ते लिहून ठेवतो. संगीताने उत्तर द्यायचं नसतं, पण हा प्रश्न त्याने विचारला आहे आणि तो ज्याला लागू पडतो त्याने तो ऐकावा.

सातवा ‘क्राको’. पोलंडचं नव्हे, इटलीच्या दक्षिणेतलं, बाझिलिकाता प्रांतातलं, टेकडीच्या टोकावर बसलेलं जुनं गाव. डोंगर खचू लागला म्हणून १९६३ साली लोकांना खाली दरीत हलवलं. गाव वर रिकामं, माणसं खाली, दोन्ही एकमेकांना दिसतील इतक्या अंतरावर. हाउश्काने इथं पियानोतलं जवळजवळ सगळं सामान बाजूला केलं आहे. साधा पियानो, साधी चाल, घरात कोणी नसताना वाजवावी तशी. सामानाचा खडखडाट इतका वेळ ऐकल्यानंतर हा स्वच्छ सूर कानावर पाणी पडल्यासारखा येतो. समीक्षक म्हणून मी म्हणायला हवं, की पूर्ण तबकडीत हाच तुकडा सर्वांत कमी प्रायोगिक आहे. श्रोता म्हणून मी तो सर्वांत जास्त वेळा लावला.

शेवटचा ‘स्ट्रोमनेस’, दक्षिण ध्रुवाच्या वाटेवरच्या साउथ जॉर्जिया बेटावरचं व्हेल मारणाऱ्यांचं ठाणं. १९१६ साली शॅकल्टन आणि त्याचे दोन साथी बर्फाचे डोंगर ओलांडून अर्धमेले याच ठाण्याच्या दारात पोचले आणि वाचले. आज तिथं गंजलेले पत्रे आणि सील. तुकडा काळा आहे. खालचा घुमारा, वर धातूचा ओरखडा, लांब प्रतिध्वनी. इथं यंत्रांची मदत घेऊन आवाज ताणले आहेत, असं ऐकताच कळतं. मला ती मदत जास्त वाटली. ज्याला चिमट्यातून आणि बुचातून एवढं काढता येतं, त्याने प्रतिध्वनीच्या पेटीकडे कशाला जावं? पण शेवटच्या ठोक्यांना वजन आहे, आणि ते ऐकताना मला ठाण्याचं दार दिसलं हेही खरं.

केज यांच्याशी तुलना केली तर हाउश्का उणा पडतो, हे मान्य करायला हवं. केज यांचे तुकडे लहान आहेत, सूर संपला की ते गप्प होतात. हाउश्का एकदा ताल सापडला की तो पुन्हापुन्हा फिरवत बसतो, आणि अशा वेळी आपण संगीत ऐकतो आहोत की पडद्यावर अजून न आलेल्या सिनेमाची वाट पाहतो आहोत, हे कळेनासं होतं. पुढे तो सिनेमाकडे गेला यात आश्चर्य नाही. पण केज यांच्या पियानोत माणसाचं घर नाही. तिथं स्क्रू हा स्क्रू आहे, त्याला मालक नाही. हाउश्काच्या चांगल्या तीन तुकड्यांत प्रत्येक वस्तू कोणाची तरी आहे.

ऐकण्याबद्दल दोन गोष्टी. मोबाइलच्या बारक्या स्पीकरवर ही तबकडी लावू नका. खालचे सगळे ठोके त्यात बुडतात आणि वरची खरखर तेवढी उरते, मग वाटतं की फोन बिघडला. नातवंडांपैकी कोणाकडून तरी कानावरचे मोठे हेडफोन मागून घ्या, किंवा दिवाणखान्यातल्या चांगल्या स्पीकरवर लावायला सांगा. ज्यांच्या कानात श्रवणयंत्र आहे त्यांनी आवाज कमी ठेवूनच सुरुवात करावी, कारण पहिल्या तुकड्यातली धातूची खडखड यंत्रातून टोचते. दुसरी गोष्ट, क्रमाने ऐकायचा हट्ट धरू नका. सातवा ‘क्राको’ आधी लावा, म्हणजे या माणसाला पियानो येतो याची खात्री पटेल. मग दुसरा ‘प्रिप्यात’. मग चौथा, तोही रात्री, सगळी निजानीज झाल्यावर. बाकीचे सहा त्यानंतर, सवडीने. ‘सांझी’ आणि ‘बार्कर्सव्हिल’ राहून गेले तरी चालेल.